दार नसलेली एसटी

मंगळवार, संध्याकाळ. ताईचं घर, डोंबिवली

ताईचा नियम आहे, चित्रांचं पुस्तक वाचलं की त्यातलं काहीतरी घरी बनवायचंच. आजचं पुस्तक एसटीचं होतं. भाचीने, पिहूने, बुटांचा खोका लाल रंगवला, झाकणांची चाकं लावली. मी मध्येच मोबाईलमध्ये घुसलेलो. बघतो तर शेजारच्या पुठ्ठ्याच्या स्टॉपवर माझा फोटो चिकटवलेला, आणि गाडीला दारच नाही.

"अगं, मामा चढणार कुठून?"

"नाहीच चढणार."

हसलो. मग फोटो नीट बघितला. तो फोटो माझ्या बॅगेतला. बॅग काल भरून सोफ्याखाली ढकललेली. उद्या पहाटे ठाण्याच्या खोपट स्टँडवरून नाशिकची गाडी पकडणार, हे ताईलाही सांगितलेलं नाही. मागे असाच गेलेलो, तेव्हा पिहू रोज दारात बसून राहायची म्हणे.

ताई ऑफिसातून आली, खोका फिरवून बघितला. "दार विसरलात की काय रे?"

पिहू माझ्याकडे बघत म्हणाली, "मामा सांगेल."

मी म्हटलं, उद्या कापतो.

उद्या? उद्या मी इथे आहे कुठे? काय बोलून बसलो हे. आणि ही पोरगी आत्ता जेवून सोफ्यावरच झोपलीय, बरोबर बॅगेच्या वर.