दाजींच्या गाडीचा आवाज

आदरणीय दाजींना धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार,

लेकीकडे तुमची प्रकृती उत्तम असेल आणि तिथली खुर्ची इथल्यासारखी कुरकुरत नसेल अशी आशा. इकडे ताई बरी आहे, मी बरा आहे आणि गाडी जागच्या जागी आहे. (हे शेवटचं कृपया दोनदा वाचू नये.)

जाताना तुम्ही मला एकच काम सांगितलं होतंत: मधूनमधून गाडी चालू कर, बॅटरी उतरू देऊ नकोस. एवढ्याशा कामासाठी इतकं बजावायचं काय, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटत नाही.

झालं असं, की तुम्ही परत यायच्या आत तुम्हाला चकित करायचं ताईच्या मनात आलं. गाडीतल्या टेपचा आवाज कमी येतो, ही तुमची जुनी तक्रार. (दारावरची घंटा, फोन आणि जेवताना पुटपुटणारी आम्ही मंडळी, सगळ्यांबद्दल तीच तक्रार आहे, आणि ती खोडून काढायची घरात कुणाची छाती नाही.) हल्ली तर तुम्ही गाडीत गाणी लावणंच सोडलंत. म्हणून ताईने अँप्लिफायर, म्हणजे आवाज वाढवणारं यंत्र, आणला. तो बसवायला माणूस बोलवू, असं ती म्हणत होती. पण घरातले सगळे पंखे मी टांगलेले, तेव्हा मीच शड्डू ठोकला.

ताई पायरीवर बसून सूचनांचा कागद मोठ्याने वाचत होती आणि मी नेमका तिच्या एक ओळ पुढे होतो. "आधी बॅटरीची वायर सोडवा," हे तिने वाचलं तेव्हा माझा पाना बॅटरीला आणि पत्र्याला एकदमच टेकला होता आणि ठिणगी भुवईपर्यंत आली होती. "जाड वायरला बॅटरीजवळच फ्यूज लावा," हे वाचेपर्यंत बिनफ्यूजची वायर पत्र्याच्या धारेवर घासून आत तुमच्या सीटपुढे धूर निघत होता. मी वायर उपटली, तोवर ताई पाण्याची बादली घेऊन धावली. विजेवर पाणी ओतू नये हे मला माहीत होतं, तिला नव्हतं. मी मधे पडलो आणि भिजलो.

मग फ्यूज लावला, पत्र्याच्या भोकात रबर बसवलं. राहिली काळी वायर. ती उघड्या पत्र्याला जोडायची, आणि त्यासाठी रंग खरवडायचा. तुमच्या गाडीचा रंग! तिच्यावर बसलेली माशीसुद्धा तुम्ही फडक्याने हळूच उठवता. माझा हात धजेना. मी वायर रंगावरच आवळली, तर यंत्र मुकंच. शेवटी ताईने तारेची घासणी आणली आणि मान फिरवून डिकीतला पत्रा खरवडला.

मग आवाज आला, दाजी! शेजारच्या खिडकीची काच थरथरली, वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी गॅलरीत येऊन टाळ्या वाजवल्या. (की हाकलत होते, कोण जाणे.) तुमचंच आवडतं गाणं होतं. ताई पुढच्या सीटवर डोळे मिटून बसून राहिली.

फक्त एक बारीक निळी वायर असते. ती टेपला जोडली की टेपबरोबर यंत्रही बंद होतं, हे कागदाच्या मागच्या बाजूला छापलं होतं. मी ती थेट बॅटरीला जोडून मोकळा झालो होतो. यंत्र त्या दिवसापासून रात्रंदिवस टक्क जागं. आज सकाळी किल्ली फिरवली, तर गाडी एकदा "टिक" म्हणाली आणि गप्प झाली.

राग आवरला तर आवरावा, लोभ होता तेवढा ठेवावा.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. गुरुवारी स्टेशनवर गाडी घेऊन येतो असं कबूल केलं होतं. मी येतो.

ता. क. २: निळी वायर आता जागेवर आहे, बॅटरी चार्जिंगला दिली आहे. तुमच्या पायाखालचं मॅट मात्र उचलू नये.

ता. क. ३: कागदावरची शेवटची ओळ अशी: आवाज इतकाच ठेवा, की मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येईल. ती वाचताना ताई थांबली. मागच्या महिन्यात मागून आलेल्या त्या ट्रकने वाजवलेला हॉर्न तुम्हाला ऐकू आला नव्हता, दाजी. शेजारी बसलेल्या तिला आला होता. तेव्हापासून तुम्ही गाडी काढलीत की तिचा जीव खालीवर होतो. गाडीचं काम मी केलं. कानांपुढे माझा पाना चालत नाही. शनिवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, नाही म्हणू नका. ताईची आणखी एक तक्रार आहे. हल्ली तुमच्याशी भांडताना प्रत्येक वाक्य तिला दोनदा ओरडावं लागतं, आणि दुसऱ्यांदा ओरडेपर्यंत तिचा राग निघून जातो. इतक्या वर्षांच्या संसारात तिची भांडणं अशी कधी वाया गेली नव्हती.