मागची भिंत कोणी पाडली

मी, हेस्टर ट्रेमलेट, वय त्र्याऐंशी, राहणार लोअर कूम शेतघर, डेव्हन, इंग्लंड, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. आधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती पुतण्यावर चिडून केली होती. हे शांतपणे करते आहे.

१. चारशे वर्षांच्या माती-पेंढ्याच्या भिंती, वर गवताचे छप्पर आणि पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत आरपार बोळ, असे हे घर. याच बोळातून गायी डावीकडे गोठ्यात वळायच्या, माणसे उजवीकडे चुलीपाशी. पुतण्या क्लाइव्हला तो बुजवून न्हाणीघर करायचे आहे. म्हणून त्याला घर नाही. त्याने भिंतीवरचे हवामानयंत्र घ्यावे. ते कायम 'पाऊस' दाखवते आणि बहुतेक वेळा खरे ठरते.

२. धुराड्यातल्या कोनाड्यात लहान मुलाचा जुना बूट आहे, कोणीतरी घराच्या राखणीला ठेवलेला. क्लाइव्हने तो शोभेसाठी कपाटात मांडला आणि आठवड्यात छप्पर गळू लागले. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. बूट मी त्याच दिवशी परत ठेवला. तो तिथेच राहील.

३. घर, बोळ आणि बुटासकट, टॅमसिन येलंडला देते. ती रूबेन गवंड्याची मुलगी. चुन्याच्या गिलाव्यात तिचा हात धरणारा कोणी नाही.

४. आता खरे. १९७९ साली जावेने, म्हणजे क्लाइव्हच्या आईने, गुळगुळीत पांढऱ्या भिंतींचे घर बांधले आणि माझा जळफळाट झाला. मी रूबेनला मागच्या भिंतीला सिमेंट लावायला सांगितले.

तो म्हणाला, "बाईसाहेब, मातीच्या भिंतीला श्वास लागतो. चुनाच लावू या. सिमेंटनं ओल आत कोंडेल."

"तू गवंडी आहेस का डॉक्टर? सांगितलंय तेवढं कर."

तीन हिवाळ्यांनी भिंतीचा आतून चिखल झाला आणि ती न्याहारीच्या वेळी बसली. मी नवऱ्याला सांगितले, रूबेनने काम बिघडवले. बाजारातही तेच, चर्चच्या दारातही तेच. त्याची दोन कामे गेली. आमची भिंत पुन्हा मातीची घालून दिली तीही त्यानेच, आणि रोज आत येताना टोपी काढत होता. मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती.

५. कलम चार माझ्या दफनानंतर गावच्या पबमध्ये क्लाइव्हच्या देखत मोठ्याने वाचावे. वाचणाऱ्याने मध्येच खोकू नये.

सहीपूर्वीची पुरवणी: वरील मजकूर मी साक्षीदारांना वाचून दाखवला. पब चालवणारी डॉर्कस म्हणाली, "अगं हेस्टर, हे पुढं अख्ख्या गावाला कळलंच. सिमेंटच्या गोण्या तूच मागवल्या होत्यास की. रूबेनच म्हणाला, तिला कोणी बोलू नका, भिंत पडलीये तेवढं पुरे."

कलम चार काढायचे का, असे वकिलांनी विचारले. काढायचे नाही. गावाला ठाऊक असले तरी माझ्या तोंडून कोणी ऐकलेले नाही. आणि रूबेन पंच्याऐंशीचा आहे, त्याला माझ्या मरणापर्यंत ताटकळत ठेवणे बरे नाही. सही झाली की मी काठी घेऊन त्याच्याकडे निघते.

सही: हेस्टर ट्रेमलेट
साक्षीदार: डॉर्कस व्हिडन, पबमालक, अँब्रोस लस्कॉम, गुरांचे डॉक्टर
स्थळ: लोअर कूम, स्वयंपाकघर
दिनांक: १४ ऑक्टोबर २०११, सकाळी अकरा