पिकअपच्या हॉर्नचा मेमो

१६ सप्टेंबर २००७, रविवार

स्टिअरिंग निघेना! मधला नट सुटला, पण चाक दांड्याला असं धरून बसलंय की जसं वेल्डिंगच केलंय. तेल सोडलं, गुडघे लावून ओढलं, खालून ठोकलं. चाक जागचं हललं नाही, माझी कंबर मात्र हलली. द्वारका दारातूनच म्हणाली, "रिटायर झाले ना जी तुम्ही? मंग काऊन त्या गाडीच्या मागं लागून राहिले?"

काऊन ते तिला माहीत आहे. अर्धं.

संकल्पचा अपघात झाला तेव्हापासून, जूनपासून, पिकअप दारातल्या कडुनिंबाखाली उभी आहे. पत्रा ठोकून आणला, दिवा बदलला, पण पोरगा एकदाही आत बसलेला नाही. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत, तळहातात जोर नाही. जयपूरच्या जुन्या शहरातून, चारदीवारीतून, रजया भरायच्या आणि गावोगावच्या दुकानांत पोचवायच्या, हे त्याचं काम. ते बंद आहे. आता एका कारखान्यात सुपरवायझरची जागा चालून आलीय. काल जेवताना म्हणाला, "बाबा, दसऱ्याला ठरवू. मला तर वाटतं गाडी विकूनच टाकू." खाली मान घालून म्हणाला.

डॉक्टर म्हणतात, अंगठा चांगला आहे, मनगट चांगलं आहे. म्हणजे चाक धरता येईल. गिअर तर डाव्याच हाताने. अडतं कुठे? हॉर्नशी — मधली गादी तळहाताने जोरात दाबावी लागते. आणि डिपर, वायपरच्या दांड्यांशी. ही तिन्ही कामं अंगठ्याखाली बटणांवर आणली तर? चौतीस वर्षं जयपूर विभागात सिग्नल सांभाळले मी. तीन बटणं जड जाणार आहेत होय!

१७ सप्टेंबर

पुलर आणला, चाक सुटलं. पण गादी उघडली नाही. चाक तसंच खोलीत आणून कपाटावर ठेवलं, वर जुना टॉवेल टाकला.

लिहूनच टाकतो. इथे कोण वाचणार आहे.

अपघाताच्या आदल्या संध्याकाळी हॉर्न अधूनमधून लागत नव्हता. संकल्प आंघोळीला गेला होता. मी गादी उघडली. आतली वायर मुळाशी तुटायला आलेली. डाग द्यायला हवा होता, पण लाईट गेलेली, सोल्डरिंगची इस्त्री तापणार कशी? मग वायरला पीळ दिला, टेप गुंडाळली, गादी बसवली. दाबून पाहिलं — वाजला. म्हटलं उद्या सकाळी नीट करू. संकल्पला सांगितलं नाही. जेवताना विसरलो. मी उठायच्या आत, पहाटे पाचला तो माल घेऊन चौमूकडे गेला. रस्त्याच्या कडेने एक ट्रॅक्टर ट्रॉलीसकट रिव्हर्समध्ये येत होता, तो गाडीवर आदळला. तो ट्रॅक्टरवाला नंतर चौकीत म्हणाला, "हॉर्न तो दिया ही नहीं इसने."

ते वाक्य मी तिथे उभा राहून ऐकलं. संकल्प हाताच्या ओल्या प्लास्टरकडे बघत होता. त्या जोडाचं मी तिथेही सांगितलं नाही.

रेल्वेत असं होऊच शकत नाही. सिग्नलच्या कुठल्याही डब्याचं झाकण उघडायच्या आधी स्टेशनमास्तरला लेखी मेमो द्यायचा — अमुक वस्तू अमुक वेळेपासून जोडणीतून काढली आहे. त्याला डिस्कनेक्शन मेमो म्हणतात. मास्तर सही करतो, तेव्हाच पाना लावायचा. काम संपलं की दुसरा कागद. मधल्या वेळात मास्तरला माहीत असतं, की ह्या सिग्नलवर विसंबायचं नाही. चौतीस वर्षांत मेमोशिवाय मी एक स्क्रू फिरवला नाही. नव्या मुलांना त्यावरून शिव्या घातल्या. आणि घरच्या गाडीचा हॉर्न उघडला, पोटच्या पोराला सांगितलंसुद्धा नाही.

२० सप्टेंबर

काही केलं नाही. गाडीभोवती दोन चकरा मारल्या.

२२ सप्टेंबर, शनिवार

आज उघडली गादी.

जोड सुटलेला आहे. माझाच. जूनच्या उकाड्यात टेपचा डिंक वितळून खाली ओघळलाय, वायर अलगद बाहेर आलेली. दुसरं काही तुटलेलं असतं, तर मी आज पेढे वाटले असते. नाही. बाकी सगळं धड आहे.

गादी मांडीवर घेऊन बसलो. द्वारकेने चहा आणून ठेवला, "काय झालं जी?" म्हणाली. "काही नाही, जुनी वायर" म्हणालो. खोटं बोललो असंही नाही!

२३ सप्टेंबर

ट्रान्सपोर्ट नगरला गेलो. रामजीलालच्या दुकानात मोडीतल्या गाड्यांचं सामान ढिगाने असतं. एका मोठ्या गाडीचं स्टिअरिंग मिळालं, दोन्ही बाजूंना गाण्याची बटणं असलेलं. आवाज वाढव, आवाज कमी कर, पुढचं गाणं. आपल्या गाडीच्या दांड्यावरही बसतं. बटणं मऊ, अंगठ्याने सहज दबतात. रामजीलालला सांगितलं काय करायचंय ते. तो डोळे मोठे करून म्हणाला, "गाने के बटन से हॉर्न बजाओगे, गोपीनाथजी?" म्हटलं, बजाएंगे.

बटणांच्या वायरा चाकाबरोबर फिरून तुटू नयेत म्हणून चाकामागे एक गोल डबी येते. आत घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी पट्टी. तीही घेतली. रामजीलाल काहीतरी सांगत होता, "बीच में रखके लगाना" वगैरे. मी मान हलवली. मला शिकवतो!

२९ सप्टेंबर

पट्टी तुटली. मध्यावर आणून बसवायची असते, तेच तो सांगत होता. मी एका टोकाला बसवली, चाक पूर्ण फिरवलं आणि आतून कट् असा आवाज आला. सिग्नलवाला म्हणे.

दुसरी आणली. रामजीलाल हसला नाही, हे त्याचे उपकार.

३ ऑक्टोबर

पट्टी बसली, तिन्ही बटणं रिलेंना, विजेवर उघडझाप करणाऱ्या स्विचांना, जोडली. हॉर्नचं बटण दाबलं — वायपर फिरला! वायपरचं दाबलं — दिवा लागला आणि हॉर्न कण्हला. द्वारका पायरीवर गहू निवडत होती, तिला हसू आवरेना. "पान्याचं बटन कोनतं? नवरात्रात जरा अंगनात शिपडून देजा."

दोन तास लागले. बटणांची वीज परत जायला गाडीचा पत्रा वापरतात, तिघांची परतीची वाट एकच, आणि ती वाट गंजलेली. एकाची वीज दुसऱ्याच्याच घरात शिरत होती. रेल्वेत आम्ही पत्र्यावर कधी विश्वास ठेवत नाही. प्रत्येकाची जायची तार वेगळी, यायची तार वेगळी. तसंच केलं. आता प्रत्येक बटण आपापलं काम करतं.

संकल्प खिडकीतून बघत होता. मी वर पाहिलं तर पडदा पडला.

८ ऑक्टोबर

आजचा प्रकार लिहितानाही कान तापतात.

मला वाटलं, नुसतं बटण लावून भागायचं नाही. वायर पुन्हा तुटली तर? रेल्वेचा नियम — काही बिघडलं तर सिग्नल आपोआप लाल झाला पाहिजे. बिघाड लपून राहता कामा नये. मग मी हॉर्न उलटा जोडला. रिलेमध्ये सतत वीज, ती वीज तुटली की हॉर्न वाजणार. बटण दाबलं की वीज तुटते, हॉर्न वाजतो. आणि कुठे वायर तुटली तरी वाजणार, म्हणजे चालवणाऱ्याला लगेच कळेल. इतकी सुंदर जोडणी मी नोकरीतही केली नव्हती. चावी लावून तपासली. उत्तम. मग खुशीत चावी बंद केली.

चावी बंद, रिलेची वीज बंद. हॉर्न सुरू!

थांबेचना. चावी काढून हातात घेतली, तरी वाजतोय. चावी परत लावायचं सुचलंच नाही. अख्ख्या शास्त्री नगरात कळलं असेल. समोरच्या शर्माबाई बाहेर आल्या, गल्लीतली कुत्री भुंकायला लागली, मी चाकाखाली डोकं घालून कुठली वायर ओढू ते बघतोय. एवढ्यात संकल्प धावत आला. बॉनेट उघडलं आणि बॅटरीची तार उपसून काढली.

उजव्या हाताने! त्याचं त्यालाही कळलं नाही. मी पाहत राहिलो.

मग म्हणाला, "बाबा, ये गाडी आहे, सिग्नल नाही. रस्त्यावर बिघडलं तरी पुढे तर जावंच लागतं ना." आणि हसला. चार महिन्यांनी हसला पोरगा. मी पुन्हा चाकाखाली डोकं घातलं.

१० ऑक्टोबर

हॉर्न सरळ जोडला, इतर जगासारखा. जोडांना डाग दिले, वर नळी चढवली. संध्याकाळी संकल्प स्वतःहून आत बसला. अंगठा बटणांवर फिरवून म्हणाला, हॉर्नचं बटण खालच्या बाजूला घ्या, वळण घेताना अंगठा तिथे असतो. बरोबर बोलला. मी चालवत नाही, मला कसं सुचणार?

बदलून दिलं. पण त्याने चावीला हात लावला नाही.

१४ ऑक्टोबर, रविवार

द्वारका विचारते, जेवण का कमी झालं. "गाडी झाली ना नीट? पोरगं हसून राह्यलं. आता तुमालेच काय झालं?"

काय सांगू? सांगावं की नाही, एवढंच डोक्यात फिरतंय. न सांगता तो गाडी घेऊन गेला, तर पुन्हा माझ्याच जोडांवर विसंबून जाणार, आधीचा जोड कोणी केला होता हे माहीत नसताना. सांगितलं, तर? तो माझ्याशी बोलणं टाकेल. हात मोडला तो बापामुळे, हे आयुष्यभर त्याच्या नजरेत राहील. मला ते सोसणार नाही. हे खरं कारण आहे. बाकीची कारणं मी रोज नवी काढतो.

१७ ऑक्टोबर

कारखान्यातून फोन आला होता. त्याने सोमवारी सांगतो म्हणून सांगितलं. सोमवार म्हणजे दसऱ्याचा दुसरा दिवस.

२० ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी पाने, मीटर, सोल्डरिंगची इस्त्री, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. शेवटचं फूल इस्त्रीला वाहिलं. मग उठलो, कागद घेतला आणि मेमो लिहिला. ज्या नमुन्यात चौतीस वर्षं लिहिला त्याच नमुन्यात. संकल्प हिंदीत शिकलेला, मराठी अडखळत वाचतो, म्हणून अक्षर मोठं काढलं.

प्रति, श्री. संकल्प. वस्तू — पिकअपचा हॉर्न. उघडला — ९ जून, संध्याकाळी साडेसात. काम — वायरला पीळ देऊन टेप, कच्चं. चालवणाऱ्याला कळवलं — नाही. हॉर्न बंद पडला — १० जून, पहाटे. कारण — वरील जोड. जबाबदार — गोपीनाथ, तुझा बाबा. हा मेमो चार महिने उशिरा दिला, त्याबद्दल माफी.

खाली मिळाल्याची सही, अशी एक रेघ सोडली.

दुपारी तो पलंगावर पेपर चाळत बसला होता. हातात दिला. त्याने ओठ हलवत वाचला, शेवटपर्यंत. पुन्हा वरून वाचला. घडी घातली, खिशात ठेवली आणि बाहेर निघून गेला. रात्री जेवायला बसला तेव्हा आईशी बोलला, तिच्याशीच. माझ्याकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही.

द्वारकेला सगळं सांगितलं. ती नुसती माझ्या शेजारी बसून राहिली.

२१ ऑक्टोबर, दसरा

मेमो माझ्या चष्म्याखाली ठेवलेला सापडला. सही केली आहे. सहीखाली पेन्सिलीने, वाकडंतिकडं, डाव्या हाताने असावं. मराठीत! ह्या पोराने आजवर मला एक ओळ मराठीत लिहिलेली नाही.

"हॉर्न बंद आहे हे मला गेटवरच पता लागलं होतं. तुम्ही झोपून होते. लेट होत होतं म्हणून उठवलं नाही, तसाच गेलो. मला वाटलं तुम्हाला हे माहीत आहे, म्हणून तुम्ही चार महिने माझ्याशी नीट बोलत नाही."

गाडी दारात नाही. द्वारका झेंडूची माळ हातात घेऊन पायरीवर बसली आहे. म्हणते, आंघोळ न करताच गेला, कोपऱ्यावर हॉर्न दिला तो तिने ऐकला.