निळं दार

नगर, ४ ऑगस्ट २०२५

चि. सुकन्या हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपलं भांडणच होतं, म्हणून लिहितो. बाजाराच्या दिवशी कोणी परका माणूस साडीचा खोका घेऊन तुझ्या दारात उभा राहिला, हे मला तुझ्या घरमालकीण गोजरबाईंकडून कळावं? रेडिओवर तुझा आवाज ऐकून आला म्हणे! ऐकल्यापासून तुझ्या वहिनीला, ज्योतीला, घास गेलेला नाही.

शाळेत विज्ञान शिकवतेस, तेवढं पुरे नाही का? हौशी रेडिओचा सरकारी परवाना असला, तरी तिथलं बोलणं कुणीही ऐकतं. छपरावरचा तो अँटेनाचा खांब उतरव, परवाना परत कर.

रागावलीस तरी चालेल, पण ऐक.

तुझा दादा,
सूर्यभान


राजूर, ११ ऑगस्ट

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीला सांग, मी दोन्ही वेळ जेवते, तिनंही जेवावं.

खांब उतरणार नाही. परवाना मी परीक्षा देऊन मिळवलाय. गेल्या पावसाळ्यात मोबाईल बंद पडले, तेव्हा वरच्या वाडीतल्या बाळंतिणीला गाडी याच खांबामुळे मिळाली. पेढे तूच वाटलेस.

बोलताना कॉलसाईन, म्हणजे परवान्यावरची माझी खूण, सांगावीच लागते. घर सांगावं लागत नाही. रेडिओवाल्यांच्या नेटवरच्या यादीतला माझा पत्ता मी होळीलाच काढून टाकला, नाव तेवढं राहिलं. गल्ली, शाळा, सुट्टीला कुठे जाते, यातलं काही मी कधी बोलत नाही. मग हा आला कसा?

पोलिसांत गेले. साहेबांनीही आधी खांबच उतरवायला सांगितला. मी विचारलं, घरात चोर शिरला तर घर पाडायला सांगता का? तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली. साडीच्या खोक्यावर त्या माणसानं नाव लिहिलं होतं, त्यावरून पोलिसांनी त्याला बोलावलं. त्यानं यादीतल्या माझ्या आडनावावरून नगरचं एक पंपदुरुस्तीचं दुकान शोधलं होतं. रेडिओ क्लबातर्फे माझा सत्कार करायचाय असं फोनवर सांगितलं, आणि तिथल्या एका भल्या माणसानं सगळं सांगून टाकलं. गोजरबाईंचं घर, निळं दार, आणि मी एकटी राहते हेसुद्धा.

दादा, निळं दार नेटवर कुठेच नाही.

शनिवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळी रेडिओवर बसले. तो माणूस ऐकत असेल हे धरूनच कॉलसाईन सांगितली आणि म्हटलं, माझा आवाज सगळ्यांसाठी आहे, माझं दार नाही. एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, बाई, स्पष्ट ऐकू आलं. त्यांच्यामागून एकेक करत आठ जण तेच म्हणाले.

गोजरबाईंचं म्हणणं, पुन्हा आला तर पायतान हाय.

माया आहे तशीच राहू दे, पण उत्तर खरं दे.

सुकन्या


नगर, १९ ऑगस्ट

चि. सुकन्या हिस आशीर्वाद.

तो भला माणूस मीच. सत्कार म्हटल्यावर माझी छाती फुगली. दुकानात गिऱ्हाईक होतं, त्यालाही कळावं म्हणून मोठ्यानं सांगितलं. एकटी राहतेस, हेही कौतुकानंच सांगितलं. पहिलं पत्र लिहिताना हे मनात टोचत होतं, म्हणून सगळा दोष खांबावर ढकलला. ज्योती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिनं.

काल राजूरच्या ठाण्यात येऊन जबाब दिला. त्याचा नंबर दुकानाच्या फोनमध्ये होता, तोही दिला. आता गुन्हा नोंदवलाय. तुझ्या घरावरून गेलो, पण थांबलो नाही, तोंड नव्हतं. खांबाची एक तार सैल दिसली. बोलावशील तेव्हा येऊन ताणून देईन.

माफ करशील तेव्हा कर, घाई नाही.

सूर्यभान

ता. क. आज तुझी वर्गमैत्रीण चांगुणा दुकानात आली होती, तुझा नंबर मागत होती. दिला नाही. फणकाऱ्यानं गेली. देऊ का, ते कळव.