एक जूनची तुकडी

वळ, भिवंडी
२० मे

प्रिय बाई,

खरं तर फोनच केला असता. पण एप्रिलपासून तुम्ही माझा फोन उचलत नाही, आणि का उचलत नाही तेही मला ठाऊक आहे. पत्राचं बरं असतं. ते हातात पडलं की तुमच्यासारखं माणूस वाचल्याशिवाय ठेवत नाही. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायचात तुम्ही. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं तर खुशाल लाल पेन घ्या, पण शेवटपर्यंत वाचा. आणि शेवट आधी बघायचा नाही. गोष्टीच्या तासाला तुम्हीच आम्हाला बजावायचात.

त्या दिवशी मी फोनवर हसत हसत विचारलं होतं, की बाई, आपल्या पाड्यावरच्या सगळ्या पोरांचा जन्म एक जूनलाच कसा हो झाला? तुम्ही हसला नाहीत. मीही वेडी, पुढे सांगत सुटले की कंपनीच्या मुख्य ऑफिसने माझ्या नऊ मुलांचे अर्ज अडवलेत, कारण नऊ जणांची जन्मतारीख एकच, आडनावं दोनच आणि पत्ताही एकच. तुम्ही एवढंच म्हणालात, "माझ्यामुळे पोरांचं नुकसान झालं गं." आणि फोन ठेवलात. तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून आता सगळं क्रमाने सांगते.

मी वळच्या गोडाऊनमध्ये गाड्या लावते, हे तुम्हाला माहीत आहे. कुठली गाडी कुठल्या दाराला लागणार, आधी कुठला माल चढणार, कुठल्या रस्त्याने जाणार, हे माझं काम. खोकी चिकटवायला आले होते, आता खुर्चीत बसून ओरडते. पण इतकी वर्षं एक गोष्ट मला खुपत होती. आपल्या दिघाशीच्या पाड्यावरून दिवसभर ट्रक जातात, आणि आपली पोरं आत आली तर झाडू मारायला किंवा ओझी उचलायला. कॉम्प्युटरवर आपलं कोणी नाही, फोर्कलिफ्टवर कोणी नाही. मग मी साहेब लोकांच्या मागे भुणभुण लावली. तुम्ही माझ्या आईच्या मागे लावायचात ना, पोरीला शाळेत पाठव म्हणून, अगदी तशी. शेवटी कंटाळून ते म्हणाले, घे एकदाची. बारावीची परीक्षा दिलेली पाड्यावरची मुलं, सहा आठवडे उन्हाळी इंटर्नशिप, हातखर्चाला पैसे, दुपारचं जेवण, आणि जे टिकतील त्यांना जूनपासून नोकरी. आणि एवढं सगळं जमून आल्यावर कॉम्प्युटर म्हणाला की हे नऊ अर्ज एकाच माणसाने भरलेले दिसतात.

मुख्य ऑफिसचे दर्शनसर चौकशीला येणार होते, पण कधी ते सांगितलं नव्हतं. एप्रिलच्या मध्यावर एके दिवशी दुपारी त्यांचा फोन, "मी दिघाशीला पोचलोय. चार वाजता निघणार. त्याच्या आत नऊही मुलं माझ्यासमोर उभी करा, नाहीतर यादी रद्द." आता बाई, भर लग्नसराईत पोरं पाड्यावर कशाला सापडतील? तिघं वीटभट्टीवर, चौघं वळच्या एका मोठ्या हळदीला वाढपी म्हणून, देवू बाजारात, आणि अर्जाचं विचारायला गोडाऊनला आलेली एकटी सोमी माझ्यासमोर उभी. सोमी म्हणजे धोंडूबाईची नात. तुमच्या शेवटच्या पहिलीत होती, खडू खायची ती.

महादूचा टेम्पो काढला. हो, तोच महादू, पाढे म्हणता म्हणता झोपायचा तो. आता कंपनीच्या गाड्या चालवतो आणि अजिबात झोपत नाही, काळजी करू नका. मी मोबाईलवर नकाशा उघडला, तर सोमीने माझ्या हातातून फोन काढून घेतला. नकाशात सगळे रस्ते मोकळेच दिसतात. आपल्याकडे लग्नाच्या दिवसांत कुठला रस्ता मोकळा आहे हे ज्याला पत्रिका आलीय त्यालाच ठाऊक. सोमी पुढच्या सीटवर बसून सांगत गेली, इथे मांडव आहे, तिथे डीजेची गाडी आडवी लावलीय, आधी भट्टीवर चला, वळला मागल्या बाजूने शिरा. मी इतकी वर्षं गाड्या लावतेय, पण गप्प बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात नाचत होते. वळच्या हळदीतून चौघांना वाढता वाढता उचललं, एकाच्या हातात तर डाळीचा डाव तसाच होता.

वेळेत परत आलो आणि पाड्याच्या तोंडाशी टेम्पो थांबला. समोर रस्ताभर मांडव! देवूच्या बहिणीची हळद. सगळ्या जगाचे मांडव सोमीच्या ध्यानात होते, फक्त हा एक नव्हता, आणि त्याच्या आंब्याच्या डहाळ्या तिने स्वतः सकाळी बांधल्या होत्या! विचारलं तर म्हणते, "ताई, तो आपलाच हाय ना. आपला मांडव कुठं आडवा येतो?" उतरून पळालो. पण हळदीच्या मांडवातून हळद न लागता पलीकडे जाऊ दिलंय कधी आपल्या बायकांनी? दर्शनसरांसमोर नऊ मुलं उभी राहिली खरी, पण सगळी नखशिखांत पिवळी. सर हातातले फोटो बघतात, पोरांकडे बघतात, पुन्हा फोटो बघतात. अगोदरच नऊ जण एकच असल्याचा संशय, आणि आता तर खरंच कोण कुठला ते मलाही ओळखू येईना.

शेवटी हातपंपावर रांग लावली. महादू पंप मारायचा, एकेक जण तोंड धुवायचा आणि वर बघायचा. सर फोटोशी ताडून म्हणायचे, "हा." चौथ्या-पाचव्या पोराला सर हसायला लागले आणि मग त्यांना थांबताच येईना. एवढ्यात मागून कोणीतरी त्यांच्याच गालाला हळद फासली, पांढऱ्या शर्टाला डाग पडला, तो अजून गेलेला नाही असं परवाच सांगत होते.

पण बाई, मला तुम्हाला जे सांगायचंय ते त्याच्या आधीचं आहे. आम्ही पोचेपर्यंत सर धोंडूबाईच्या अंगणात चहा घेत बसले होते. त्यांनी तिला सरळ विचारलं, सगळ्यांची तारीख एकच कशी? कोणी घोटाळा केला का? म्हातारी आहे कशी तुम्हाला ठाऊक आहे. म्हणाली, "घोटाला कसला? पोर झाली तवा भाताची आवणी चालू होती का झोडणी, येवढंच आमच्या ध्यानात. बाई आल्या, तेंनी सगल्यांना येकच दीस दिला. कोनाला कमी न्हाय, कोनाला जास्ती न्हाय." सरांनी हे मला जाताना स्वतः सांगितलं, आणि ऑफिसला फोन करून म्हणाले की नऊ मुलं नऊच आहेत, मी धुवून बघितलीत.

तेव्हा बाई, ते नुकसानाचं डोक्यातून काढून टाका. तुम्ही ती तारीख लिहिली नसतीत तर शाळेच्या पटावर आमची नावंच चढली नसती. आज मी जी काही आहे ती त्या एक जूनमुळे आहे, आणि मला त्या दिवसाचा फार अभिमान वाटतो. लहानपणी मात्र आम्हाला तुमचा राग यायचा, कारण वाढदिवस सुट्टीत आला की शाळेत गोळ्या वाटता येत नाहीत. आठवतं? मी एकदा विचारलं होतं, बाई, तुमचा वाढदिवस कधी, तर म्हणालात, "माझाही सुट्टीतच येतो," आणि फळा पुसायला लागलात.

आता चार आठवडे झाले आणि आमच्या गोडाऊनमध्ये नुसता दंगा आहे. देवू ड्रायव्हरांशी फोनवर बोलतो ते ऐकायला मी मुद्दाम काम सोडून जाते. परवा एका उत्तरेकडच्या ड्रायव्हरला सांगत होता, "चाचा, दो नंबर को नहीं, तीन नंबर को लगाव, आणि आधी जेवून घ्या." चाचा जेवून, झोपून, तीन तासांनी उठले आणि मागे पाच गाड्या खोळंबल्या. मी ओरडले, तर म्हणतो, भुकेल्या माणसाकडून माल नीट उतरत नाही. सोमीचं सगळं लक्ष फोर्कलिफ्टवर. अठरा पूर्ण झाल्याशिवाय तिला बसता येत नाही, म्हणून रोज सकाळी ती नुसती गाडी पुसते, आरसासुद्धा. एक जूनला नऊच्या नऊ जण एकदम सज्ञान होणार! शिकवणारे मास्तर म्हणतात, माझ्या जन्मात असं झालं नाही, सगळ्यांना एकाच सकाळी सीटवर बसवू कसं? पोरांनी चिठ्ठ्या टाकल्या. सोमीचा नंबर शेवटचा आला. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, जणू चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या.

आणखी एक गंमत. आमच्या कंपनीत ज्याचा वाढदिवस असेल त्याच्या नावाने केक आपोआप मागवला जातो. कोणाला काही सांगावं लागत नाही, कॉम्प्युटरच सांगतो. मला परवा निरोप आला, एक जून, वळ गोडाऊन, केक दहा. नऊ मुलांचे आणि एक माझा. केकवाल्याने तीनदा फोन करून विचारलं, मॅडम, चुकून शून्य जास्त पडलंय का?

आता शेवटची परीक्षा राहिली. एक फेरी मुलांनी स्वतः आखायची आणि पार पाडायची. गाडी कुठली, ड्रायव्हर कोण, रस्ता कुठला, थांबायचं कुठे, काही बिघडलं तर काय. मी तोंड उघडायचं नाही अशी अट आहे, आणि माझ्यासाठी तीच मोठी परीक्षा आहे. फेरी नीट झाली की नऊही जणांच्या हातात नोकरीचं पत्र. काय आणायचं ते त्यांनीच ठरवायचं होतं. सोमवारी मी आत गेले तर फळ्यावर सोमीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: सातारा ते दिघाशी. माल: पार्वतीबाई. एक नग. सांभाळून हाताळावा.

तर बाई, हे पत्र त्यासाठी आहे. ३१ मेच्या सकाळी महादू तुमच्या दाराशी गाडी लावेल. तुम्हाला गाडी लागते, हे पोरांना शाळेच्या सहलीपासून पाठ आहे, म्हणून पुढची सीट तुमची आणि आवळासुपारी देवूकडे. गुडघ्यांसाठी पुण्याच्या अलीकडे एकदा आणि पलीकडे दोनदा थांबायचं. वळच्या आतल्या रस्त्यावर त्या दिवशी दोन हळदी आहेत, ते टाळून मागल्या बाजूने यायचं. आणि आपल्या पाड्यावर मांडव नाही, हे सोमीने स्वतः घरोघर फिरून विचारलंय. तुमच्या गोळ्या कुठल्या, जेवणात तिखट चालतं का, हे विचारायला तिने साताऱ्याला तुमच्या मनोजदादांना फोन केला होता. बोलता बोलता वय विचारलं, तर दादा म्हणाले, एक जूनला अडुसष्ट पूर्ण होतील. सोमी म्हणाली, नाही दादा, आमचं नाही, बाईंचं सांगा. दादा म्हणाले, अगं बाईंचंच सांगतोय. आई ऊसतोडीच्या टोळीत जन्मली, कधी आणि कुठल्या फडावर ते आजीलाही सांगता यायचं नाही. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून लिहून टाकला. फोन स्पीकरवर होता, बाई. सगळी पोरं ऐकत होती. मग सोमी उठली, केकवाल्याला फोन लावला आणि म्हणाली, दहा नाही, अकरा. मला रडू आलं ते मी पोरांपासून लपवलं नाही. एवढी वर्षं आम्हाला वाटायचं, बाई समोर उभ्या राहून शिकवतात. तुम्ही तर आमच्याच बाकावरच्या निघालात! आता फोन उचला नाहीतर उचलू नका, गाडी निघणारच. तेवढं दार उघडा, नाहीतर नऊ पोरं नापास होतील.

तुमचीच, आणि तुमच्याच वाढदिवसाची,
रोशनी