आप्पांचं मरण, मामांचा फेटा

आप्पा, तुम्हाला मरायला कधी नीट जमलं नाही. हे माझं एकटीचं मत नव्हे, सगळ्या गावाचं होतं. यात्रेच्या नाटकात म्हाताऱ्या बापाचं काम दर वर्षी तुमच्याकडेच यायचं, कारण तुमची पिठाची गिरणी होती आणि केस पांढरे करायला वेगळा रंग आणावा लागत नसे. नाटक दर वर्षी नवं, पण दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाप मरायचाच. शाळेचे गुरुजी नाटक बसवायचे, आणि निवडताना आधी तेवढं बघून घ्यायचे. तुम्ही मान टाकायचात, मग हात टाकायचात, सगळं कसं झकास. आणि मग पडदा पडेपर्यंत तुमच्या डाव्या पायाचा अंगठा हलत राहायचा. पुढं बसलेली पोरं "आप्पा हाय अजून" म्हणून ओरडायची आणि गुरुजी विंगेत कपाळाला हात लावायचे.

तुम्ही सराव केला नाहीत असं मात्र कुणी म्हणू नये. बाकीची तालीम शाळेत, पण मरायची तालीम तुम्ही गिरणीत करायचात, ज्वारीच्या पोत्यांवर. दळणाला आलेल्या बायका डोक्यावरच्या पाट्या उतरवून तुमचा जीव जायची वाट बघत उभ्या आहेत, हे मला अजून दिसतं. एकदा शेजारच्या काकू म्हणाल्या, "आप्पा, जरा बिगी बिगी मरा, चुलीवर आदण ठिवून आलीया." तुम्ही उठलात, त्यांचं दळण आधी काढून दिलंत, आणि राहिलेलं मरण मग पुरं केलंत. स्टेजवर माईक एकच होता, मधोमध वरून टांगलेला. त्यामुळं लग्न असो, भांडण असो, खून असो, सगळं त्याच्याखालीच व्हायचं. एका वर्षी तुम्हाला गोळी कोपऱ्यात लागली होती, तरी तुम्ही पोट धरून माईकपर्यंत चालत आलात, शेवटचं बोलणं बोललात, आणि मगच पडलात.

तुमच्या मुलीचं काम करायला सांगलीच्या एक बाई यायच्या. गावातली बाई स्टेजवर चढणं तेव्हा शक्यच नव्हतं. त्या नाटकाच्या दिवशी दुपारच्या एसटीनं उतरायच्या, आपल्याच सोप्यात बसून भाकरी खायच्या, एकदा सगळी वाक्यं म्हणून घ्यायच्या आणि संध्याकाळी तुमची लेक व्हायच्या. तुम्ही मेलात की त्या तुमच्या अंगावर पडून असा काही टाहो फोडायच्या, की बायकांच्या बाजूला झाडून सगळ्यांचे पदर डोळ्याला. मला त्यांचा फार राग यायचा. माझ्या बापासाठी माझ्यापेक्षा चांगलं रडणारी कुणी असावी, हे मला सहन होत नसे.

तर ते वर्ष. गुरुजींनी तालमीतच बजावलं होतं की यंदा अंगठा हलला तर पुढच्या साली बापाचं काम पोस्टमनला. तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. गिरणीतून सुतळी आणलीत आणि शेवटच्या प्रवेशाचा पडदा उघडायच्या आधी अंथरुणावर बसून दोन्ही अंगठे एकमेकांना बांधून टाकलेत. नाटकातला बाप त्या वर्षी अंथरुणावरच मरणार होता, वर शाल होती, त्यामुळं कुणाला काही दिसलं नाही. आणि आप्पा, काय मेलात तुम्ही! पोरं गप्प. गुरुजी विंगेत चष्मा पुसतायत. मीसुद्धा क्षणभर घाबरले.

नेमके तेव्हाच मामा पोचले. म्हसवडकडून यायचं, वाटेत एसटी बंद पडलेली. काखेत तुमच्यासाठी गुलाबी फेटा. आपल्याकडची रीतच तशी होती, नाटकात काम करणाऱ्याला सासुरवाडीनं फेटा बांधायचा, आणि तो पडद्यामागं नाही, भर नाटकात, तो स्टेजवर असताना. पेटीवाला सूर धरून ठेवायचा, गुरुजी माईकवर पाहुण्यांचं नाव पुकारायचे, फेटा बांधून झाला की नाटकातला राजा अर्धवट राहिलेला संताप पुढं चालू करायचा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. मामा आईचे थोरले भाऊ, तालमीतले पैलवान. ते स्टेजवर चढले, नाव पुकारलं गेलं, आणि तुम्ही उठला नाहीत. मामा फेटा उलगडून उभे. पेटीवाल्यानं सूर धरून धरून हात दुखवून घेतला. सांगलीच्या बाईंनी रडता रडता तुम्हाला कोपरानं ढोसलं, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुम्ही ढिम्म. मामांनी फेटा गुंडाळला, खाली उतरले आणि आपल्या घरी शिजलेल्या मटणाला न शिवता पायीच म्हसवडच्या रस्त्याला लागले.

घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "कसा उठू? अंगठं बांधल्यालं हुतं." आई भांडी आवरत होती. मागं वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "हात मोकळं हुतं की. बसल्या जागी जोडलं असतं तरी चाललं असतं." तुम्ही मला हळूच विचारलंत, पण मेलो कसा? मी म्हणाले, झकास. तुम्हाला तेवढ्यातही बरं वाटलं, आणि ते आईनं बघितलं.

मग त्या नागपंचमीला मामा आईला न्यायला आले नाहीत. भाऊबीजेला ताट तयार करून आई उंबऱ्यापाशी बसून राहिली आणि शेवटी चंद्राला ओवाळून आत आली. भाऊ धडधाकट जिवंत असताना चंद्राला ओवाळायचं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट कळलं नाही, आता कळतं. पुढच्या वर्षी दुष्काळ पडला, यात्रा नुसत्या नैवेद्यावर उरकली, नाटक नाही, म्हणजे मामांना बोलवायला निमित्तही नाही. आई तुमच्याशी बोलायची, जेवायला वाढायची, पण माहेरचा विषय निघाला की उठून जायची. बोलणारी बाई अशी गप्प झाली की घरात गिरणीचाच आवाज जास्त येतो.

शेवटी नाटकाचं ठरलं तेव्हा तुम्ही स्वतः म्हसवडला जाऊन आलात. मामांनी चहा दिला, पण तुमच्याकडं न बघता. "बघू," एवढंच म्हणाले. आणि आले. पहिल्या रांगेत बसले, हाताची घडी घालून, काखेत काही नाही. आई बायकांच्या बाजूला बसली होती. तिनं ती मोकळी काख बघितली आणि मान खाली घातली. नाटक सुरू झालं, पण गाव नाटक बघतच नव्हतं, मामांकडं बघत होतं. दुसऱ्या अंकाच्या शेवटी तुम्ही मेलात. सुतळी नव्हती. सांगलीच्या बाईंनी टाहो फोडला. अंगठा हलायला लागला, आणि त्या वर्षी एकही पोरगं ओरडलं नाही.

मग तुम्ही उठून बसलात. बाई अजून रडतच होत्या, त्यांना बाजूला केलंत, हात जोडलेत आणि माईकखालून सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणालात, "पाव्हणं, या वर. चुकलो मी." इतकं चांगलं मरण तुम्हाला परत मिळणार नव्हतं, आप्पा, आणि ते तुम्ही स्वतःच्या हातानं मोडलंत. मामा जागचे हलले नाहीत. म्हणाले, "फेटा न्हाई आणला." तुम्ही हात तसेच जोडून बसलेले. पेटीवाल्यानं कुणी न सांगता सूर धरला. मग मामा उठले, वर चढले, आणि स्वतःच्या डोक्याचा फेटा सोडला. चारचौघांत उघड्या डोक्यानं उभे राहिलेले मामा कुणी कधी बघितले नव्हते. तुमच्या पिठाळ केसांवरून तो बांधला, शेमला सारखा केला, तुमच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "दाजी, आता मरा निवांत."

तुम्ही फेट्यासकट आडवे झालात. बाई अशा पक्क्या, की फेट्याच्या शेमल्यावरच डोकं ठेवून त्यांनी पुढचं वाक्य घेतलं. सगळं गाव हसत होतं. आई हसता हसता रडत होती, आणि मलाही पहिल्यांदाच त्या बाईंच्या तोडीचं रडू आलं. अंगठा तर असा नाचत होता की पडदा ओढणाऱ्यानं घाईनं दोरी सोडली.

बऱ्याच वर्षांनी मिरजेच्या दवाखान्यातून तुम्हाला शेवटचं घरी आणलं, तेव्हा मामा काठी टेकत आले होते. कुणीतरी नवा फेटा पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही. आपलाच सोडला आणि खाली बसून हळूहळू बांधला. बांधून झाल्यावरही उठले नाहीत, तुमच्या पायांकडं बघत बसले. मला रडू येत नव्हतं. सांगलीच्या बाई असत्या तर बरं झालं असतं, असं मनात येऊन गेलं.

हे लिहिलेलं कुठं धाडायचं नाही, म्हणून शेवटी एक सांगून टाकते. त्या दिवशी जाणती माणसं अंगठे बांधायला सुतळी मागत होती आणि घरात कुणालाच ती सापडत नव्हती. शेवटी कुणीतरी दुकानातून आणली. आप्पा, सुतळी माझ्या मुठीत होती.