ओळीच्या टोकाची रेघ

३ जून
नोकरी लागली! नांदेडहून काल आले, आज रुजूसुद्धा झाले. राहायला काळेवाडीत सरूआत्याकडे. एका कंपनीच्या कॅन्टीनमधून निवृत्त झाल्यापासून ती एकटीच असते, त्यामुळे मला पाहून इतकी बोलत सुटली की चहा दोनदा गार झाला. ऑफिस आकुर्डी स्टेशनजवळ. जुनी मराठी पुस्तकं स्कॅन होतात, मशीन ती वाचून टाइप करतं आणि मशीनच्या चुका आम्ही काढायच्या. मराठीत बी.ए. करून काय मिळणार, असं विचारणाऱ्या सगळ्यांना आज मनातल्या मनात उत्तर दिलं.

११ जून
या हायफनांनी जीव खाल्लाय. छापताना ओळीत शब्द मावला नाही की तो तोडून पुढे रेघ द्यायचे. मशीन ती रेघ तशीच उचलतं. मग ओळीच्या मधोमध ‘कार-खाना’, ‘विचार-पूस’. एका फटक्यात सगळ्या काढाव्यात तर ‘आई-वडील’ आणि ‘चार-पाच’चीही वाट लागते. कसरीनं पाडलेलं भोकसुद्धा याला हायफनच वाटतं. म्हणजे एकेक शब्द डोळ्यांनी वाचा, रेघ काढा, जोडा. ज्ञानेश सर आमचे प्रमुख. त्यांना फक्त पानं किती झाली ते हवं असतं. शेजारची हर्षाली चाकणकडच्या खेड्यातली. ती म्हणते, स्वप्नातबी रेघाच दिसत्यात.

१९ जून
आज आत्या जेवायला वाढताना ‘भाक’ म्हणाली, थांबली, आणि घास गिळावा इतक्या वेळानं ‘री’ म्हणाली. मी हसले. आपण थांबलो होतो हे तिला माहीतच नव्हतं.

२३ जून
दूध उतू जाऊन गॅस विझला. आत्या शेजारीच उभी, हात वर, तोंड उघडं. ‘पाते’ म्हणून थांबली होती. मी हलवलं, ओरडले. बऱ्याच वेळानं ‘लं’ आलं आणि ती मलाच विचारू लागली की दूध सांडलंस कसं? डॉक्टर म्हणाले, वयोमान, गोळ्या घ्या. राग गिळून आले.

२४ जून
कालची फाइल मूळ पानाशी ताडून पाहिली. ‘पाते-लं’. मीच जोडलं होतं. १९ तारखेच्या पानावर ‘भाक-री’. तीही मीच काढलेली. इथून काढलेली रेघ आत्याच्या तोंडात जाते, असं लिहितानाही वेड्यासारखं वाटतं. हर्षालीला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, “आमच्या दादांचं बी तसंच झालं. कंपनीत मशीन बंद कर म्हनाया तोंड उघडलं, आन् तसंच राह्यलं. शेजारच्याची बोटं गेली.”
दादा म्हणजे तिचे वडील.

२७ जून
आम्ही दोघींनी आपापल्या फाइलींत सगळ्या रेघा परत घातल्या. इतक्या कष्टानं काढलेलं सगळं पुन्हा घाण करायचं म्हणजे रडूच येत होतं. पण संध्याकाळी आत्या कॅन्टीनच्या गोष्टी न अडखळता सांगत होती. पोट भरून ऐकल्या.

३० जून
सरांनी फाइली पाहिल्या. सगळ्यांसमोर झापलं. मी खरं कारण सांगितलं, आत्याचं, दादांचंही. ते म्हणाले, “अंजली, सुट्टी हवी असेल तर सरळ माग.” उद्या नवं सॉफ्टवेअर येणार आहे. सगळ्या पुस्तकांतल्या सगळ्या रेघा एका बटणावर जातील. मग ‘आई-वडील’चं काय, म्हटलं. तर म्हणे, चालतं.
पाया पडायचंच बाकी ठेवलं. कुणाला समजावून सांगायचं, आणि कसं?

१ जुलै
सरांनी ऐकलं नाही. मी हात धरला तरी बटण दाबलं.
‘झा’ म्हणाले.
तसेच उभे आहेत. हर्षाली गावाकडे घरी फोन लावत होती, ‘हॅ’वर थांबली. मी हलवलं. गालावर मारलं. तिच्या फाइलीत रेघा घालायला गेले तर कीबोर्ड काही घेईचना—
बाहेर रिक्षा मिळाली. रिक्षावाला ‘काळे’ म्हणाला आणि थांबला. चालत आले. रस्ताभर माणसं तोंड उघडून—

दुपार
आत्या दारातच आहे. माझी चाहूल लागून वळली असावी. ‘अंज’ म्हणाली. एवढंच. डोळे माझ्यावर. पाणी येतंय डोळ्यांतून. म्हणजे तिला कळतंय. सगळ्यांना कळत असेल—

‘ली’ मीच म्हणून पाहिलं. कितीदा. उपयोग नाही.

तिच्यासाठी लिहून काढते. कागदावर रेघ ओढून. अंज-ली. अंज-ली. अंज-ली. ओठ हलला? हलला. आत्या, बोल, मी इथंच आहे, मी कुठं जात ना-